टेहळगडाचे बाण

चारुशीला गुप्ते हो म्हणाली तर माझ्या भावाचा किती फायदा होणार होता, ते मी कोंडगावच्या एस.टी. थांब्यावर थंडीत कुडकुडत पुन्हा एकदा मोजून घेतलं. बायको शाळेत गणित शिकवणारी. म्हणजे घरात निदान एक माणूस दोन अधिक दोन चारच सांगणार. सासरा मितभाषी. सासू वालाचं बिरडं असं करायची, की कल्याणातले अर्धे नवरे तिचं नाव घेऊन आपापल्या बायकांना टोमणे मारत. मुलगी चारचौघींत उठून दिसणारी, आणि हसली की समोरच्याला उगीचच वाटावं, आपण काहीतरी हुशारीचं बोललो. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात आमच्या विदूनं द्यायचं काय? एक किल्ला चढून दाखवायचा.

अडचण एवढीच, की आमचा विदू, म्हणजे विद्याधर टिपणीस, वय वर्षं सत्तावीस, टिटवाळ्याच्या गणपतीपलीकडे आयुष्यात कधी पायी गेला नव्हता.

"ताई," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "बुरूज म्हणजे गोल असतो तो ना?"

"गोल. टाकं म्हणजे पाण्याचं. आणि ती काठी छत्रीसारखी काखेत धरू नकोस."

चूक त्याची नव्हती. स्थळांसाठी त्याची माहिती मी लिहून दिली होती. शाळेतल्या निबंधापासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्याचं सगळं मीच लिहीत आले होते. आई म्हणायची, देवानं जीभ एकच धाडली, ती थोरलीला लागली. 'छंद' या रकान्यापाशी मी अडले. "विदू, तुला आवडतं काय रे?" तर म्हणाला, "झोप." झोप लिहिता येत नाही. मी विचार केला, किल्ले चढणारा मुलगा म्हटलं की तो पहाटे उठणारा ठरतो, निर्व्यसनी ठरतो, काटक ठरतो आणि वर देशाभिमानीही ठरतो. एका शब्दात चार गुण. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं : दुर्गभ्रमण.

आठ दिवसांत गुप्त्यांचं पत्र. मुलीला पोह्यांच्या बशीसमोर मान खाली घालून बसायचा कंटाळा आला आहे. तिला आणि तिच्या मामांनाही किल्ल्यांचं वेड आहे. चिरंजीवांना छंद आहेच, तर येत्या रविवारी टेहळगडावरच भेटू. बरोबर घरातलं कुणी थोरलं असावं. ही ब्याऐंशीच्या माघातली गोष्ट. घरातलं थोरलं म्हणून मी आले होते, नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून.

थांब्याच्या पलीकडे चारूचे प्रधानमामा बुटांच्या नाड्या आवळत होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, छातीवर दुर्बीण. शंभरावर किल्ले झालेले, पण टेहळगडानं त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. एकदा धुकं, एकदा गांधीलमाश्या, एकदा सरळसरळ वाट चुकले. त्याच्या माथ्यावरून समुद्र दिसतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

"टिपणीस!" मामा आले आणि त्यांनी विदूच्या पाठीवर अशी थाप दिली की तो दोन पावलं आपोआपच चढला. "तीनदा मी वाट काढली, तीनदा फसलो. आज तुम्ही म्होरके. मी नकाशासुद्धा आणलेला नाही. डोळे मिटून तुमच्या मागं!"

विदूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विदू म्हणतो, उन्हं चढायच्या आत निघावं."

अर्ध्या तासात आम्ही सगळे घामाघूम. चारू मात्र परकराचा ओचा वर खोचून शेत तुडवायला निघाल्यासारखी चालत होती. पंजाबी ड्रेस घातला होता तिनं, पण चाल तशी. वाटेच्या कडेला वेलींनी झाकलेला एक चौकोनी हौद लागला. विदूला हुरूप आला. काठी रोखून तो म्हणाला, "टाकं! यादवकालीन असावं."

चारूनं वेल बाजूला केली. आत निळ्या रंगात 'ग्रामपंचायत, सन १९७४' असं लिहिलेलं होतं.

"यादव सिमेंट वापरायचे?" तिनं विचारलं.

"विदू म्हणतो," मी घाईनं मध्ये पडले, "मूळ टाकं जुनं. त्यावर नवं बांधलंय."

"शक्य आहे हं!" मामा खाली वाकून सिमेंटला हात लावत म्हणाले. "फार ठिकाणी असा नाश केलाय लोकांनी."

चारू माझ्या बाजूनं चालू लागली. "ताई, ह्यांच्या घशाला काही झालंय का?"

"नाही गं. का?"

"प्रत्येक वाक्य तुमच्याकडून येतंय, म्हणून."

मी हसले. हसण्यानं पुष्कळ गोष्टी निभावतात, असा माझा तोवरचा अनुभव होता.

तासाभरानं वाटेला फाटा आला. उजवी वाट कारवीच्या दाटीतून डोंगराच्या छाताडावर चढत होती. डावी सपाटीनं, झाडांच्या सावलीतून जात होती, आणि तिच्या तोंडाशी दगडावर चुन्यानं काढलेला चांगला हातभर बाण होता. पुढे आणखी एक. त्याच्यापुढे आणखी. विदूनं आदल्या आठवड्यात लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात एक गोष्ट मात्र नीट वाचली होती : गिर्यारोहक मंडळी मागून येणाऱ्यांसाठी दगडांवर बाण काढून ठेवतात.

"आपल्या लोकांचे बाण!" तो ओरडला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव होता. "डावीकडे!"

मामा थबकले. "पण ही वाट उतरतेय थोडी."

"विदू म्हणतो, आधी वळसा, मग चढ."

"डोळे मिटून म्हटलंय ना मी? चला!"

आम्ही चाललो. बाण इतके सढळ हातानं काढले होते, की मामा गहिवरले. "काय निष्ठा आहे बघ चारू, या पोरांची! दर वीस पावलांवर! कुणाच्या लक्षात तरी येतं का हे काम?" एका आंब्याच्या बुंध्याला तर बाणाखाली हळदीकुंकू वाहिलेलं होतं. मामांनी टोपी काढून नमस्कार केला. तेवढ्यात झाडीपलीकडून ढोल आणि सनई ऐकू आली.

"गडावर सनई?" चारू म्हणाली.

मामांच्या डोळ्यांत पाणी. "नगारखाना! कुठल्यातरी मंडळानं नगारखाना पुन्हा सुरू केला असणार! टिपणीस, तुम्हाला ठाऊक होतं! मुद्दाम आजचा दिवस निवडलात!"

विदूनं माझ्याकडे पाहिलं. मी बुटातला कापूस नीट करायला खाली वाकले.

झाडी संपली आणि समोर आंब्याच्या डहाळ्यांनी सजवलेला मांडव आला. पाच-सहा कौलारू घरं, शेणानं सारवलेलं खळं, पताका, आणि आमच्याकडे धावत येणारा, फेटा सुटत चाललेला एक म्हातारा.

"या, या पावनं! किती येळ केलात! मुंबयकर आलं गं, पाणी आना!"

पुढचं सगळं इतक्या झपाट्यानं झालं की नाही म्हणायला फट मिळाली नाही. दोन बायकांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिसरीनं पायांवर पाणी घातलं; माझ्या बुटातला कापूस फुगून आला. चारूच्या केसांत अबोलीची वेणी पडली. एक आजीबाई विदूला निरखून चारूकडे बोट दाखवत म्हणाली, "मालकीन व्हय तुमची? जोडा बरा हाय." विदू कानापर्यंत लाल. चारू वेणी नीट करत होती, हे मी टिपून ठेवलं.

मामा मात्र मांडवात नगारखाना शोधत होते. शोधता शोधता ते खळ्याच्या कडेला गेले, मागं वळून पाहिलं, आणि तसेच उभे राहिले. आम्ही जिथून आलो होतो त्या बाजूला, मधल्या खोल दरीपलीकडे, उन्हात न्हालेला टेहळगड उभा होता. तट, बुरूज, झेंड्याची काठी, सगळं बोटावर मोजता यावं इतकं स्वच्छ. दीड तास आम्ही त्याच्याकडे पाठ करून चाललो होतो.

"टिपणीस," मामा हळू म्हणाले. "हे काय आहे?"

आता सगळं जाणार, हे मला दिसत होतं. गणित, बिरडं, हसू, सगळं. मी पुढे झाले.

"मामा, विदू म्हणतो, गडावर जाऊन गड दिसतो का कधी? पायाखालचे दगड दिसतात. त्याचं सगळं रूप पाहायचं तर समोरच्या डोंगरावरून. म्हणून तर तो मुद्दाम—"

आजही सांगते, वाक्य उत्तम होतं. मामांच्या भुवया सैल होऊ लागल्या होत्या. आणखी दोन शब्दांत त्यांनी विदूला मिठी मारली असती.

"ताई," विदू म्हणाला. "मी असं काही म्हणत नाही."

ढोल नेमका त्याच वेळी थांबला.

"मी एकही किल्ला पाहिलेला नाही, मामा," विदू चारूकडे न बघता, काठीकडे बघत बोलत होता. "टिटवाळ्यापर्यंत पायी गेलोय एकदा. तेही एकाच बाजूनं. येताना गाडीनं आलो. बाण कशाचे आहेत ते मला माहीत नव्हतं. टाकीवरची तारीख मलाही दिसली होती. मला डोंगराची भीती वाटते. सकाळपासून वाटतेय."

"मग ते दुर्गभ्रमण कुणी लिहिलं?" चारूनं विचारलं.

कुणी बोट दाखवलं नाही. तरी तिघंही माझ्याकडे बघत होते.

चारू आणखी काही बोलणार, तेवढ्यात तो फेटेवाला म्हातारा, नवरीचा बाप धाकू उतेकर, गुळाची ढेप घेऊन आला. मामांनी त्याला दगडांकडे बोट करून विचारलं, "हे बाण कुणी काढले?"

"म्या!" धाकू खुशीत म्हणाला. "थोरलीच्या लग्नाला समदं मुंबयकर चुकून गडावर गेलं. अक्षता खाली, वऱ्हाड वर! म्हनून औंदा चुना मारला. गडाकडं कुनी जाऊ नये म्हनून."

मामा दगडावर बसले. चारूनं ओढणी तोंडात धरली. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते ते मला कळेना, आणि माझं सगळं नशीब त्यावर अवलंबून होतं. मग तिच्या नाकातून आवाज निघाला आणि ती जी सुटली, ती गुळाची ढेप धरून खाली बसेपर्यंत हसत राहिली. पण हसू म्हणजे होकार नव्हे. लोक सर्कशीतही हसतात.

"मुंबयकर तुमी न्हाई, तर मग आमचं मुंबयकर कुठं हायत?" धाकूच्या आता ध्यानात आलं.

मामांनी सवयीनं दुर्बीण डोळ्यांना लावली, गडावर रोखली, आणि किंचाळले, "माझ्या बुरुजावर माणसं आहेत! नायलॉनच्या साड्या! एक जण केळी खातोय!"

दुर्बीण हातोहात फिरली. नवरीच्या आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, माझा गणपतदादा! नवरीचा मामा तो! तिला बोहल्यावर कोन आननार आता?"

खळ्यावर एकच कल्लोळ. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा, घड्याळात पावणेअकरा. भटजी म्हणाले, मुहूर्त टळला तर पुढचा सतरा दिवसांनी. नवरदेवाकडचे म्हणाले, आम्ही सतरा दिवस इथं काय गडाकडं बघत बसणार? मामाशिवाय मुलगी अंतरपाटापाशी आणायची नाही, असं नवरीची आजी काठी आपटून सांगत होती. आत नवरीनं भोकाड पसरलं.

चारू उठली, डोळे पुसले, आणि दगडावर बसलेल्या प्रधानमामांना दंडाला धरून उभं केलं. "हे चालतील? मामाच आहेत. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे."

"चारू, मी गड बघायला आलोय!"

"गड चारशे वर्षं तिथंच आहे, मामा. मुहूर्ताला सत्तावीस मिनिटं राहिलीत."

गणिताची बाई ती. आजीनं मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चड्डी चालायची न्हाई," ती म्हणाली. लगेच धाकूनं आपलं कोरं धोतर आणलं. मामांना ते चड्डीवरूनच नेसवलं. शिट्टी तेवढी गळ्यात राहिली. अकरा वाजून दहा मिनिटांनी निवृत्त ड्रॉइंग मास्तर प्रधान एका अनोळखी, नाक ओढणाऱ्या पोरीचा हात धरून घराबाहेर आले, आणि मी पाहिलं, त्यांचा चेहरा असा झाला होता जसा शंभर किल्ल्यांवर झाला नसेल. पोरगी त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाली. ते म्हणाले, "रडू नको बाळ, मी आहे." मग अक्षता पडल्या, ढोल असा वाजला की दरीतून उलटा ऐकू आला, आणि मामांनी भान विसरून शिट्टीही फुंकली.

पंगतीत धाकूनं आम्हाला मानाची पानं मांडली. भात, वालाची आमटी, वड्या, आणि बुंदी. मामांच्या शेजारी मी, मग चारू, मग विदू. विदूचं पान तसंच होतं.

"चारुशीला," मी सुरुवात केली, "झालं ते झालं. पण विदू मनानं—"

"ताई," ती म्हणाली. आवाज गोड होता, पण वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा. "डोंगर चढता येत नाही याचं मला काही नाही. मला यांना एकच प्रश्न विचारायचाय. तुम्ही जरा पाणी घेऊन येता?"

"पाणी आहे की तांब्यात."

"गार हवंय."

विहीर खळ्याच्या त्या टोकाला होती. मी इतकं सावकाश पाणी आयुष्यात कधी काढलं नसेल. तिकडून पाठमोरी डोकी तेवढी दिसत होती. चारूनं काहीतरी विचारलं. लहानसंच असावं, मान एकदाच हलली. मी पोहऱ्याचा दोर धरून मनातल्या मनात त्याच्यासाठी तीन उत्तरं तयार केली, तिन्ही चांगली. आणि मग तो बोलू लागला. हात हलवत, बुंदीचा घास हातातच ठेवून, एकटा.

पाणी घेऊन आले, तर दोघंही जेवत होते. कुणी गार पाण्याला हात लावला नाही.

चार वाजता खरे मुंबईकर गडावरून उतरले; धुळीनं माखलेले, साड्या कारवीत फाटलेल्या. पुढे गणपतदादा, लालबागच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. बहिणीनं त्यांच्यावर तोंड सोडलं, "बान दिसलं न्हाईत?"

"दिसलं की! आमाला वाटलं, ते गड चढनाऱ्या येड्यांचं बान. शाना मानूस त्या वाटंनं कशाला जाईल? म्हनून मुद्दाम दुसरीनं गेलो."

प्रधानमामा धोतर सावरत पुढे सरसावले. "वरून समुद्र दिसतो का हो? खरं सांगा."

"दिसतो ना, लांब, चांदीच्या पत्र्यावानी. पर बगतो कोन? आमाला खालचा मांडव दिसत हुता, अन् जेवनाचा वास येत हुता."

दोन्ही मामा मग बराच वेळ एकमेकांकडे हेव्यानं बघत बसले.

आता या दिवसाची किंमत कुणी कुणी मोजली, ते सांगते. धाकू उतेकराला चार पानं जास्त पडली नाहीत. तितकीच पानं वर बुरुजावर केळी खात होती. गणपतदादानं सख्ख्या भाचीचा हात धरायचा मान घालवला, तो मिळाला प्रधानमामांना, आणि त्यांनी त्याच्यापायी समुद्र घालवला. गुडघ्यांनी पुढे दगा दिला, ते टेहळगडावर कधीच गेले नाहीत. पण दर दिवाळीला कोंडगावाहून त्यांना पोह्यांची पिशवी यायची आणि ते ती मांडीवर घेऊन बसायचे. चारूनं काहीच दिलं नाही, असं ती म्हणते. विदूला पायाला दोन फोड आले आणि वैशाखात बायको आली.

राहिले मी. परतीच्या गाडीत दोनच बाकं मोकळी होती. मी सवयीनं विदूशेजारी बसायला गेले, तर तिथं चारूची पिशवी होती. मग मी मागं प्रधानमामांच्या शेजारी बसले, आणि महाडपर्यंत त्यांनी मला सत्तर किल्ले तटबंदीसकट सांगितले. पुढच्या बाकावर विदू बोलत होता. खिडकीच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. एकदा चारू मान मागं टाकून मोठ्यानं हसली; म्हणजे त्यानं काहीतरी चांगलं वाक्य टाकलं असणार.

तिनं पंगतीत काय विचारलं, ते मी या बेचाळीस वर्षांत कितीदा तरी विचारून पाहिलं. विदू म्हणतो, चारूला विचार. आणि चारू म्हणते, "ताई, जरा पाणी आणता?"